एकतिसावा ठोका

पंचेचाळीस दिवसांत भूकंप किती झाले, तर शून्य. चारुताने तो आकडा एकदा चष्मा लावून वाचला, एकदा चष्मा काढून वाचला आणि मग लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की आतल्या खोलीतून केदारने काय फुटलं म्हणून विचारलं. काही फुटलं नव्हतं. फुटायची पाळी तिच्या डोक्यावर आली होती.

शून्य असणं शक्यच नव्हतं. लिंबखेडच्या शाळेच्या मुख्याध्यापक मंजुषाबाई दीड महिना रोज न चुकता फोनवर निरोप टाकत होत्या. आज अकरा बेचाळीसला आवाज झाला, मांडणीवरची भांडी वाजली. आज चार दहाला झाला, फळ्याखालचा खडू पडला. आज झाला नाही. एवढं कंटाळवाणं खोटं कोणी दीड महिना बोलत नाही, हे बावीस वर्षं पोरांची जर्नलं तपासलेल्या चारुताला चांगलं कळत होतं. आणि यंत्र खोटं बोलतंय म्हणावं, तर ते तिने स्वतःच्या हाताने बसवलं होतं. ते आठवून तिला आणखीच संताप येत होता.

चारुता अमरावतीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. या विषयाचा माणूस म्हटला की लोक त्याला एकच प्रश्न विचारतात, बोअर कुठे मारू. या वर्षी त्यात लिंबखेडची भर पडली. शेंदूरजनाघाटच्या पलीकडे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी हे गाव, संत्र्याच्या बागांचं. दसरा झाला आणि तिथल्या जमिनीतून आवाज यायला लागले. आधी धप्प, पाठोपाठ हलका हादरा. लोक घरं सोडून बागांत झोपायला गेले. मग टीव्हीवाले आले आणि सातपुड्यात ज्वालामुखी जागा होतोय असं सांगून गेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, त्याच्यावर सगळा वऱ्हाड कापूस आणि तूर पिकवतो, आणि यांना तो नेमका दसऱ्यानंतर जागा होताना दिसला. अकोल्याच्या नणंदेने तर मुलीच्या लग्नाचा हॉल बदलायचा का, असं फोन करून विचारलं. अकोल्यात काही होणार नाही, हे चारुताला तिला चारदा सांगावं लागलं आणि नणंदेने तरी हॉल बदललाच.

ग्रामसभेत चारुताने लोकांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं होतं. तुमच्या विहिरीत उतरून बघा, म्हणाली. वर काळा कातळ, खाली वीतभर लाल माती, त्याखाली भोकाभोकांचा दगड, मग पुन्हा काळा कातळ. एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक पूर. वरचा भाग निवताना आतली वाफ निघून गेली, तिची ती भोकं. मधल्या काळात माती साचली, पुढच्या पुराने ती भाजून निघाली, म्हणून ती लाल. हा सगळा देश ज्या थाळ्यावर बसलाय तो थाळा वर्षाला तीनेक बोटं उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला रेटतो. तो रेटा इथल्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. पाऊस सरला तरी पाणी त्या भेगांतून महिना दोन महिने खाली मुरत राहतं, आधीच दाबात असलेला दगड केसभर सरकतो, आणि जमिनीच्या इतक्या जवळ सरकला की आवाज येतो. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एकाने उठून विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण बोअर कुठे मारू.

खरा प्रश्न शाळेचा होता. शाळेच्या भिंती जुन्या, दगडमातीच्या. दिवाळीच्या सुट्टीत पूर्वेकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, हात घालता येईल एवढा. बेचाळीस मुलं तेव्हापासून मारुतीच्या मंडपात बसून शिकत होती. तालुक्याच्या शिक्षणाच्या साहेबांनी सांगितलं, यंत्राचा अहवाल शनिवारपर्यंत द्या. हादरे सिद्ध झाले तर ती इमारत बंद करतो. नाही झाले तर तडा जुनाच समजू, सिमेंट भरू, सोमवारपासून पोरं आत. आज शुक्रवार होता आणि चारुताच्या हातात शून्य होतं.

तिने झाकण पुन्हा उघडलं. यंत्र बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता. संत्र्याचे क्रेट आपटणारे मजूर, मालाच्या गाड्या, खांबाला अंग घासणारी म्हैस, यंत्राने सगळंच इमानदारीने टिपलं होतं. वैतागून तिने संगणकाला हुकूम देऊन टाकला: यंत्राच्या अगदी जवळ काही आपटलं की त्याच्या अलीकडचा अर्धा तास आणि पलीकडचा अर्धा तास टाकून दे, मला दाखवू नकोस. त्यानंतर तिला शांत झोप लागायला लागली होती. आता तिने ते टाकून दिलेलं उघडलं.

सुरुवातीचे दहा दिवस संत्र्याच्या तोडणीचे, ते क्रेट आणि गाड्यांच्या आपटण्यात सगळेच गेले होते. त्यानंतरच्या पाच आठवड्यांतले एकतीस ठोके निघाले. सगळे एकाच जातीचे. एक उंच टोक आणि लगेच सपाट. म्हैस असं करत नाही. एक माणूस यंत्राजवळ उभा राहून, ठरवून, जमिनीवर काहीतरी आपटत होता.

केदार चहा घेऊन मागे उभा होता. तो वकील, त्यामुळे त्याला न विचारता मत देण्याची सवय. यंत्राशी छेडछाड झाली असेल तर पुरावा गेला, असं तो शांतपणे म्हणाला. चारुताने त्याला चहा ठेवून कोर्टात जायला सांगितलं आणि गाडीची किल्ली उचलली.

मोर्शीपर्यंत ती रस्त्यावर चिडली, मोर्शीच्या पुढे गतिरोधकांवर, आणि त्यानंतर सरळ शेषरावांवर. यंत्र शेषरावांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, होतं. बैलं विकल्यापासून तो रिकामाच होता. चारुताने तिथली माती खरवडून खालचा काळा कातळ उघडा केला होता, त्यावर सिमेंटचा ओटा बांधून यंत्र ठेवलं होतं आणि ओट्याभोवती चुन्याची रेघ मारली होती. ही रेघ कोणी ओलांडायची नाही, असं तिने ज्या आवाजात बजावलं होतं त्या आवाजाला कॉलेजातले शिपाईसुद्धा दचकत. शेषराव सत्तरीचे, चार एकर संत्र्याचे धनी. त्यांची नात वर्षाली त्याच शाळेत तिसरीत होती. अशा माणसाच्या घरात कोण हा उद्योग करणार, हे तिला कळेना.

ती थेट कोठ्यात शिरली. चुन्याची रेघ जशीच्या तशी होती, कुठे पुसलेली नाही, उलट दोन ठिकाणी कोणीतरी नवा चुना टाकून ती नीट केली होती. रेघेच्या बाहेर, एक वीत अंतरावर, जमिनीला वाटीएवढा खळगा पडला होता. आणि शेजारी भिंतीला एक मुसळ टेकून उभं होतं.

"हे मुसळ कोणाचं?" चारुताने विचारलं.

"माहं हाय," दारातून माणिकबाई म्हणाल्या. त्या शेषरावांच्या घरवाली, आणि त्यांनाही कोणावर तरी चिडायचंच होतं. "दिवाईपासून मले मिर्ची कुटाले भेटलं नाई. इचारा ह्यायले."

शेषराव मागून आले, हातातली संत्र्याची टोपली खाली ठेवली आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "मीच मारतो, मॅडम. येक बी सुटू नाई देला. आन् रेघ वलांडली नाई, रेघेच्या भाईरूनच मारलं."

चारुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने विचारलं की काका, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे. शेषरावांनी सांगितलं की सांगायला कशाला पाहिजे, समजतं ना. मग त्यांनी तिला सगळं समजावून दिलं, अगदी सावकाश, तिने ग्रामसभेत त्यांना समजावलं होतं तसं.

गोष्ट अशी होती की अठरा वर्षं पाऊस मोजायचं सरकारी भांडं शेषरावांच्या अंगणात होतं. रोज सकाळी आठला ते पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. लग्न असो, मयत असो, एक सकाळ चुकली नाही. तीन वर्षांपूर्वी नाल्यापलीकडच्या बागांवर गारा पडल्या, पाऊस असा की बांध फुटले, झाडाखाली फळांचा सडा पडला. अंगणात मात्र थेंब नाही. विम्याचे साहेब आले, वही बघितली आणि म्हणाले की मापात पाऊस नाही म्हणजे पाऊस पडला नाही. आख्ख्या गावाचा बहार मातीत लोळत होता आणि कागदावर आभाळ निरभ्र. तेव्हा कितीतरी जणांनी शेषरावांना ऐकवलं की एक तांब्या पाणी त्या भांड्यात ओतलं असतं तर काय बिघडलं असतं. ते त्यांनी केलं नव्हतं. पण त्यानंतर गावात मान वर करून चालणंही त्यांना जड गेलं होतं.

मग हे यंत्र आलं. हादरा होतो बागेत, यंत्र आहे कोठ्यात. एकदा हादरा सुरू असताना शेषराव नेमके कोठ्याच्या दारात होते. त्यांनी निरखून पाहिलं. यंत्रावरचा हिरवा दिवा आधी जसा लुकलुकत होता तसाच लुकलुकत राहिला. त्याला काही कळलंच नाही. पुन्हा तेच होणार, मापात नाही म्हणजे झालं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून हादरा झाला की ते हातातलं काम टाकून घरी यायचे आणि यंत्राच्या वतीने एक ठोका मारायचे. हलका हादरा असेल तर हलका, मोठा असेल तर मोठा. पहाटे झाला तरी उठून यायचे.

"पन जेवढा झाला तेवढाच मारला, मॅडम," शेषराव म्हणाले. "वाढवून येक बी नाई."

हे ऐकून चारुताने कपाळावर हात मारला, म्हणजे खरोखरच मारला, चष्मा वाकडा झाला. दिवा फक्त वीज चालू आहे हे दाखवतो, हे तिने सांगितलं. बागेत काय, मोर्शीत दगड सरकला तरी यंत्राला कळतं, हेही सांगितलं. त्याला कान आहेत काका, तुमच्या माझ्यापेक्षा तिखट कान आहेत, त्याला मुसळाने उठवायची गरज नव्हती. पंचेचाळीस दिवस मी याची वाट बघितली, उद्या अहवाल द्यायचाय, आणि तुम्ही आख्ख्या नोंदीत मिरची कुटून ठेवलीत. शेषराव खाली बसले. त्यांचा चेहरा बघून तिला आणखीच राग आला, कारण आता नीट रागावताही येईना.

काहीतरी दाखवल्याशिवाय यांना पटणार नाही म्हणून तिने क्रेट उलटा करून त्यावर लॅपटॉप मांडला आणि पहिला ठोका उघडला. हे बघा तुमचं मुसळ, म्हणून तिने बोट ठेवलं. शेषरावांनी वाकून पाहिलं आणि विचारलं की मग त्याच्या अलीकडे हे काय हाय बारीक बारीक.

चारुता स्क्रीनवर वाकली. ठोक्याच्या अठरा मिनिटं आधी एक लहान थरथर होती आणि तिला लागूनच दुसरी, जरा मोठी. आधी पळती लाट, मग तिच्या मागची जड लाट. भूकंप असाच दोन पावलांनी येतो. मुसळाला दोन पावलं नसतात. वेळ अकरा बेचाळीस. मंजुषाबाईंचा निरोप तिने फोनवर काढून बघितला, तिथेही अकरा बेचाळीसच होतं.

तिने दुसरा ठोका उघडला. अलीकडे सात मिनिटांवर तेच. तिसऱ्याच्या अलीकडे बावीस मिनिटांवर तेच. यंत्राने प्रत्येक हादरा बिनचूक टिपला होता. प्रत्येक हादऱ्यामागून शेषराव इमानाने आले होते आणि त्यांनी मुसळ मारलं होतं. आणि ठोका दिसला की अलीकडचा अर्धा तास फेकून द्या, हा हुकूम चारुताचा होता. गावाचे सगळे हादरे तिनेच टाकून दिले होते, ते सुद्धा म्हशीवर चिडून. दोष द्यायला आता दुसरं कोणी शिल्लक राहिलं नाही, याचा तिला मनापासून त्रास झाला.

"चूक माझी आहे, काका," ती म्हणाली. हे वाक्य तिने बऱ्याच वर्षांत उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जरा दरडावल्यासारखंच आलं.

माणिकबाईंनी मग चहा आणला.

पुढचा तास बरा गेला. चारुता एकेक हादरा उघडायची आणि ठोका किती मिनिटांनी पडला ते सांगायची. त्यावर शेषराव सांगायचे की तेव्हा ते कुठे होते. अठरा मिनिटं म्हणजे नाल्यापलीकडची बाग. सात मिनिटं म्हणजे विहिरीवर. बावीस मिनिटं लागली त्या दिवशी वाटेत गावातला श्रावण भेटला होता आणि बोलत बसला होता, सोडतच नव्हता. सगळं जुळत होतं. कुठला हादरा मोठा, कुठला बारीक, तेही त्यांच्या ठोक्यांच्या उंचीवरून जवळपास बरोबर होतं. कॉलेजातल्या मुलांपेक्षा या माणसाने नोंद चांगली ठेवलीय, असं तिच्या मनात आलं, पण तिने ते सांगितलं नाही. असे तीस झाले.

एकतिसावा याच आठवड्यातला होता. मंगळवार, दुपारी दोन वीस. सगळ्यांत उंच ठोका. त्याच्या अलीकडे अर्धा तास काहीच नव्हतं. चारुताने एक तास मागे नेलं, मग सकाळपर्यंत नेलं. सपाट रेष. मंजुषाबाईंचा त्या दिवसाचा निरोप होता, आज झाला नाही.

"हा कसला, काका?"

शेषरावांनी मुसळाकडे बघत सांगायला सुरुवात केली. माणिकबाई कपबश्या उचलत होत्या, त्या तशाच थांबल्या.

मंगळवारी शिक्षणाचे साहेब गावात आले होते. त्यांनी शाळेच्या तड्यावर हात फिरवला, मग इथे येऊन कोठ्यात डोकावले. हिरवा दिवा लुकलुकत होता. हे तर शांत आहे आजोबा, असं ते हसत म्हणाले, सोमवारपासून शाळा आत भरवून टाकू. ते गेले. त्यानंतर शेषराव इथेच बसले, मुसळ मांडीवर घेऊन. एक हादरा यावा म्हणून जमिनीची वाट बघत बसले. दीड महिना नको नको म्हणत होते, त्या दिवशी हवा होता आणि आला नाही.

"मंग दोन्ही हातानं मारला," शेषराव म्हणाले. "वर्षाली त्याच भिंतीखाली बसते. पयल्या रांगेत."

माणिकबाईंनी हळूच सांगितलं की मंगळवारपासून यांची भाकर ताटात तशीच राहते. अठरा वर्षांत भांड्यात एक तांब्या पाणी ओतलं नाही आणि आता हे केलं, म्हणून.

चारुता उठून अंगणात गेली. तिला या माणसावर ओरडायचं होतं आणि ओरडायला तोंड नव्हतं. एकतिसावा पुसून टाकता आला असता. तसाही तो कचऱ्यातच होता. पण मग कोणीही विचारणार की प्रत्येक हादऱ्यामागे हा ठोका कसला. मुसळ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग ठोक्याच्या अलीकडची थरथरही याच आजोबांनी पाय आपटून काढली नसेल कशावरून. त्याला उत्तर काय द्यायचं? तिने केदारला फोन लावला. साक्षीदार एकदा खोटं बोलला की समोरचा वकील तीस सोडतो आणि ते एक धरून बसतो, असं केदार म्हणाला. त्याने हे इतक्या आनंदाने सांगितलं की तिने मध्येच फोन ठेवला.

ती पुन्हा आत आली आणि एकतिसाव्याकडे चिडून बघत बसली. एक टोक आणि लगेच सपाट. बस. सत्तर वर्षांच्या माणसाने दोन्ही हातांनी, होता नव्हता तो सगळा जीव लावून मारलेला घाव, आणि यंत्रावर त्याचं एवढंच उमटलं होतं. अलीकडे काही नाही. पलीकडे काही नाही. दोन पावलं नाहीत.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि इतका वेळ पडला नाही म्हणून स्वतःचाच राग आला. माणसाने सगळी ताकद लावली तर जास्तीत जास्त काय होतं, ते इथे लिहिलेलं होतं. नुसतं मुसळ असं दिसतं. बाकीच्या तिसांमध्ये मुसळाच्या आधी जे होतं ते माणसाच्या हाताने काढता येणारच नाही, हे सांगायला याहून चांगला दाखला कॉलेजच्या प्रयोगशाळेतही मिळाला नसता. तो पुसला असता तर तीसही गेले असते.

तिने साहेबांना फोन केला. म्हणजे यंत्राशी छेडछाड झाली म्हणायची, साहेब पहिलंच वाक्य म्हणाले. चारुताने दात आवळून पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी विचारलं की अहवालाच्या नमुन्यात मुसळाचा रकाना नाही, ते कुठे दाखवणार. तिने सांगितलं की इतरमध्ये. साहेबांनी विचारलं की एकतिसावा खोटा आहे हे तुम्ही स्वतःच कशाला लिहिता. तिने तेही समजावलं, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग विहिरीचं उदाहरण देऊन तिसऱ्यांदा. मग साहेब म्हणाले की ठीक आहे, तीस हादरे कागदावर येत असतील तर त्या इमारतीत मुलं बसवायची जबाबदारी मी घेणार नाही, सोमवारपासून वर्ग संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये भरवा. फक्त तक्ता पक्का करा, प्रत्येक नोंदीसमोर ठोका मारणाऱ्याची सही पाहिजे. एकतीसच्या एकतीस.

एकतीस सह्या कशाला, हे विचारण्याचं त्राण चारुतात उरलं नव्हतं. मंजुषाबाईंच्या घरी जुना प्रिंटर होता, त्यावर तक्ता छापून झाला. शेवटचा रकाना सहीचा. तो कागद तिने क्रेटवर ठेवला, पेन शेषरावांच्या हातात दिलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

शेषरावांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, बोट खाली खाली नेत गेले. एकतिसाव्या ओळीवर थांबले आणि तिथे सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, पावसाच्या वहीत करायचे तशी. मग पेनाला टोपण लावून तिच्या हातात परत दिलं.

"काका, वरचे तीस राहिले."

"त्याच्यासमोर मी सही कशी करू?" शेषराव म्हणाले. "ते भुईनं मारले, मॅडम. मी नुसता सांगाले आलो. हा येकच माह्यावाला हाय."

चारुताने तोंड उघडलं. साहेबांचा हुकूम, उद्याची मुदत, नमुना, सगळं जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. मग तिने टोपण काढलं, कागद स्वतःकडे ओढला आणि पहिल्या ओळीपासून तिसाव्या ओळीपर्यंत, ज्या तिने टाकून दिल्या होत्या त्या प्रत्येक ओळीसमोर, स्वतःची सही केली.